अण्णांचा जनरेटर आणि हजार वॅटचा हिशोब

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मोटर रिवायंडिंगचं काम करतोय, जळालेल्या मोटरी, पंप, वेल्डिंग सेट हेच रोजचं. परवा मात्र टेम्पोतून जे उतरलं ते बघायला शेजारचे लेथवालेपण हात पुसत बाहेर आले. चॅनेलच्या फ्रेमवर १ एचपीची सिंगल फेज मोटर, मधे ४० किलोचं फ्लायव्हील म्हणजे जड चाक, आणि पट्ट्यावर ३ केव्हीएचा अल्टरनेटर, म्हणजे फिरवला की वीज तयार करणारा. घेऊन आलेले अण्णा कागलकडचे, साठीच्या पुढचे. रात्रीच्या लाईटला उसाला पाणी पाजायला जाऊन जाऊन माणूस कंटाळलेला, त्यात कुणीतरी सांगितलं की हा सेट एकदा फिरला की वीज उरते, आणि अण्णांनी जवळचे पैसे घालून तो उभा केला. आता म्हणे ‘कंट्रोल पॅनेल’ बसवलं की लाईट काढली तरी चालणार, फक्त त्याचे पैसे वेगळे, ॲडव्हान्समधे.

अण्णांनी सरळ मांडलं, "दादा, सहाशे वॅट आत जातंय, हजार बाहेर येतंय, तुमीच मोजा."

माणूस खोटं बोलत नव्हता. आमच्या बाकावर सेट लावला, इनपुटला एनर्जी मीटर घातला. त्यावर ३२०० इम्पल्सला (लुकलुकीला) १ युनिट असं छापलेलं असतं, म्हणजे लाल दिवा मिनिटात किती वेळा लुकलुकतो ते मोजलं की वॅट निघतात. मिनिटाला ३३ आले, म्हणजे साधारण ६१९ वॅट. आउटपुटला अण्णा दाखवताना लावायचे तीच नुसती फिरणारी पंपाची मोटर, पाणीबिणी काही नाही. टाँग टेस्टर (तारेभोवती अडकवून करंट मोजायचा चिमटा) लावला तर ४.४ अँपिअर, व्होल्ट २२५. गुणाकार केला की ९९०. अण्णा माझ्याकडं बघायला लागले.

सगळी गोम त्या गुणाकारात आहे. एसीत व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे व्हीए, वॅट नाही, वॅट काढायला त्याला पॉवर फॅक्टरनं, म्हणजे त्यातला खरा कामाला लागणारा हिस्सा किती त्या आकड्यानं, गुणावं लागतं. रिकामी मोटर करंट लई ओढते पण तो बराचसा चुंबकत्व तयार करायला जातो आणि परत येतो. उसाची ट्रॉली कारखान्यावर नेली आणि भरलेलीच परत आणली तसं, फेरी झाली पण माल काय उतरला नाही. वॅटमीटर लावला, पॉवर फॅक्टर ०.२८, खरे वॅट २७७. म्हणजे ६१९ आत आणि २७७ बाहेर, बाकीचं सगळं वाइंडिंग, पट्टा आणि बेअरिंगच्या गरमाईत.

पण नुसता आकडा दाखवून कुणाचं समाधान होत नाही, आणि व्हायलाही नको. म्हणून पंपाची मोटर काढून १०० वॅटचे ३ साधे पिवळे बल्ब लावले. व्होल्ट २२०, करंट १.२५, इथं पॉवर फॅक्टर एकच्या जवळ, म्हणजे २७५ वॅट. अण्णांना म्हटलं आता लुकलुक तुम्हीच मोजा. ३१ आली. करंट साडेचारवरून सव्वावर आला आणि इनपुट जेमतेम ३८ वॅटनं कमी झालं! तिथं अण्णा खाली बसले, परत मोजलं, परत ३१. ते ३८ वॅटपण कुठं गेले ते सांगितलं, जास्त करंटमुळं अल्टरनेटरची तार जास्त तापत होती.

मग फ्लायव्हील. मोटर बंद केली तरी बल्ब थोडा वेळ जळतात, हेच दाखवून लोकांना भुलवतात. ४० किलोचं, अर्धा मीटर व्यासाचं भरीव चाक १५०० आरपीएमला साधारण १५ हजार ज्यूल धरून ठेवतं, पाऊणशे वॅटचा पंखा याच्यावर साडेतीन मिनिटंसुद्धा चालायचा नाही, आणि तेवढेपण आधी आपल्याच मीटरमधून भरलेले. शेवटी चेंजओव्हर स्विच टाकून मोटरीची मेन लाईट काढली आणि सेटचं आउटपुट मोटरीलाच दिलं (मेनला समांतर कधीच जोडू नका, जीव जाईल). सेटचा आवाज लगेच बसला, पट्टा फडफडला आणि चाक थांबलं.

चहा पिताना अण्णांनी मोबाईलवर कुणाचा तरी बॅटरी आणि कॉइलवाला व्हिडिओ दाखवला. त्यात करंट टोकदार पल्समधे, म्हणजे झटक्याझटक्यानं येतो, स्वस्तातला मीटर त्याला साइन वेव्ह, म्हणजे घरच्या लाईटसारखी गुळगुळीत लाट समजून आकडा देतो, त्यावर काडीचा विश्वास ठेवू नये. अमेरिकेत जोसेफ न्यूमनच्या जास्त वीज देणाऱ्या म्हणवल्या यंत्राचा असाच गाजावाजा झाला होता, १९८६ ला तिथल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी मोजमाप संस्थेनं नीट मोजलं तर प्रत्येक वेळी आउटपुट इनपुटपेक्षा कमीच भरलं. अण्णा म्हणाले, "पण तो व्हिडिओवाला पेटंट मिळणार म्हणतोय." म्हटलं, आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात कलम ३ आहे, निसर्गनियमाच्या उघड विरुद्ध दावा असला तर तो शोधच धरत नाहीत.

मला राग त्या ॲडव्हान्स घेणाऱ्याचा येतो. रात्री गव्याच्या, सापाच्या भीतीत पाणी पाजणाऱ्या माणसाला असलं विकायचं? अण्णांनी तिथूनच मेव्हण्याला फोन लावला, त्यानंही असाच सेट सांगितलेला आणि उद्या पैसे द्यायचा होता. मेव्हणा काय ऐकेना. शेवटी ठरलं, शनिवारी त्याला घेऊन यायचं, सेट इथंच ठेवायचा, आणि लुकलुक त्यालाच मोजायला लावायची.