सायकलवर वीस सेकंद

आयल्ट्स म्हणजे परदेशी शिक्षण-नोकरीसाठी द्यायची इंग्रजीची परीक्षा. तिच्या बोलण्याच्या परीक्षेत सायकलचा विषय निघतो तो बहुधा पहिल्या भागात. नाव, गाव, नोकरी-शिक्षण विचारून झालं की परीक्षक कागदाकडे बघून विषय बदलतो. सायकल चालवता का, लहानपणी होती का, तुमच्याकडे लोक सायकल वापरतात का? अख्खा पहिला भाग ४-५ मिनिटांचा, त्यात सायकलच्या वाट्याला दीडेक मिनिट येतं. म्हणजे एका उत्तराला पंधरा-वीस सेकंद, तीन-चार वाक्यं.

प्रश्न इतके सोपे असतात की उमेदवार बिथरतो. साध्या प्रश्नाला साधं उत्तर दिलं तर गुण कसे मिळणार, या धास्तीने तो थेट पृथ्वी वाचवायला निघतो. 'येस, आय हॅव बायसिकल. सायकलिंग इज व्हेरी गुड फॉर हेल्थ अँड इट इज एन्व्हायर्नमेंट फ्रेंडली.' वाक्यं फारशी चुकीची नाहीत. 'बायसिकल'च्या आधी 'अ' राहिला, एवढंच. पण या उत्तरात सायकल कुठेच नाही. आरोग्य, पर्यावरण आणि पेट्रोलचे दर ही तीन वाक्यं परीक्षकाच्या कानावर रोज पडतात, आणि पाठ केलेलं उत्तर ओळखायला त्याला फार वेळ लागत नाही. पाठांतराचा सूर सपाट असतो, आणि पुढचा प्रश्न आडवा आला की तोच माणूस एकदम अडखळायला लागतो.

तेच उत्तर असं देऊन बघा. 'नॉट एनी मोअर. आय रोड माय ब्रदर्स ओल्ड बाइक टू स्कूल अंटिल आय वॉज सिक्स्टीन, बट नाऊ माय ऑफिस इज राइट अक्रॉस टाउन, सो आय टेक द बस. द बाइक्स स्टिल अंडर द स्टेअर्स, विथ टू फ्लॅट टायर्स.' एकही शब्द जड नाही. पण 'राइड' या अनियमित क्रियापदाचा भूतकाळ 'रोड' आला, त्याला जोडून वर्तमान आला, 'अंटिल', 'बट', 'सो' यांनी वाक्यं एकमेकांत अडकली आणि शेवटी एक बारकावा आला. अस्खलितपणा व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार या गुण देण्याच्या चारही कसोट्यांना समान वजन असतं. या वीस सेकंदांत चारही कसोट्यांना काही ना काही मिळालं. जिन्याखाली खरंच सायकल आहे का, हे बघायला कोणी घरी येत नाही. पण खरी असली की शब्द शोधावे लागत नाहीत, म्हणून खरं बोलणं सोयीचं.

मराठी माणसाचा पाय नेमका कुठे घसरतो, तेही ठरलेलं आहे. आपण सायकलही चालवतो आणि ट्रकही, म्हणून 'ड्राइव्ह' तोंडात येतं. सायकलला 'राइड'. 'आय लर्न्ट सायकल' नाही, 'लर्न्ट टू राइड अ बाइक'. आपली चेन पडते, इंग्रजीत ती 'केम ऑफ'. हवा भरायची तर 'पम्प अप द टायर्स'. सायकलवरून पडलो हे 'आय फेल ऑफ', त्यात 'डाउन फ्रॉम' घालायचं कारण नाही. 'डबलसीट' परीक्षकाला कळेलच असं नाही. 'माय सिस्टर सॅट ऑन द बॅक' म्हटलं की काम झालं. दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल मारायची कसरत इंग्रजीत एका शब्दात सांगायच्या फंदात पडू नये. 'द बाइक वॉज टू बिग फॉर मी, सो आय पुट वन लेग अंडर द बार' असं सरळ सांगावं. एखादा शब्द ठाऊक नसताना वळसा घालून अर्थ पोचवता येणं हे शब्दसंपत्तीच्या कसोटीतच धरलेलं आहे. त्यामुळे सुट्या भागांची यादी पाठ करण्यात अर्थ नाही. 'हँडलबार्स', 'ब्रेक्स', 'चेन', 'बेल' आणि रस्त्यासाठी 'पॉटहोल्स' एवढं पुरतं.

काळाचा घोटाळा मात्र महाग पडतो. 'मी दहा वर्षांपासून चालवतोय' याचं आपण 'आय अ‍ॅम रायडिंग सिन्स टेन इयर्स' करतो. हवं 'आय हॅव बीन रायडिंग फॉर टेन इयर्स'. सुटलेल्या सवयीला 'यूज्ड टू'. 'आय अ‍ॅम हॅविंग अ बायसिकल' तर आजच सोडावं.

उच्चाराचं सांगायचं तर आजोबांची पिढी बरोबर होती. ती 'बायसिकल' म्हणायची, इंग्रजीतही मधे 'सि'च आहे आणि जोर पहिल्या 'बाय'वर. 'बायसायकल' हे आपण नंतर केलेलं. 'व्हेइकल'मधला 'ह' बहुतेक जण गिळतात. 'पायडल' नव्हे, 'पेडल'. बाकी आपल्या वळणाला कोणी गुण कापत नाही, समजलं पाहिजे एवढीच अट. आणि 'बाइक' म्हणजे आपल्याकडे फटफटी. तीच सांगायची असेल तर 'मोटरबाइक' म्हणावं.

'तुमच्याकडे सायकल लोकप्रिय आहे का' या प्रश्नाला 'येस, व्हेरी पॉप्युलर' म्हणून थांबणं म्हणजे घरी आलेली संधी परतवणं. एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जाणारं पुणे आज दुचाक्यांनी तुंबलेलं आहे. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. यातलं एक उचलावं, एकच. तिन्ही कोंबली की निबंध होतो. दुसऱ्या भागात 'लहानपणी शिकलेलं एखादं कौशल्य' निघालं तरी हीच सायकल चालते. तिथे तयारीला १ मिनिट आणि बोलायला १ ते २ मिनिटं असतात. कागदावर वाक्यं लिहीत बसू नये, 'दादाची, उंच, उतार, गुडघा' असे चार-पाच शब्द पुरे. वाक्य लिहिणाऱ्याचं दुसरंच वाक्य अर्धं राहतं आणि मिनिट संपतं.

सरावाला फोन पुरतो. उत्तर रेकॉर्ड करावं, ऐकून जसंच्या तसं कागदावर उतरवावं, 'अँ'सकट. मग एकच दोष निवडावा, समजा काळाचा, आणि न वाचता पुन्हा बोलावं. दुसऱ्या दिवशी तोच मजकूर वेगळ्या प्रश्नाला द्यावा, म्हणजे पाठांतर होत नाही. सगळे दोष एका दमात काढायला गेलं की जीभ जड होते आणि अस्खलितपणाचे गुण जातात.

परीक्षकाने मधेच तोडलं तर घाबरायचं कारण नाही. त्याच्यापुढे घड्याळ असतं, त्याची वेळ झालेली असते. वाक्य अर्धं सोडावं आणि पुढचा विषय शेजाऱ्यांचा आहे की पावसाचा, तो नीट ऐकावा.