तुम्ही विचारलंत म्हणून : पाचांतून ‘न्यू मून’च का?

“ताई, बाकी तुमची आवड चांगली आहे हो, पण मध्येच ते ‘ट्वायलाइट’ काय?” हा प्रश्न मला फिल्म सोसायटीत विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, आणि विचारताना हमखास हसतात. त्यावर मी म्हणते, की मला नुसतं ‘ट्वायलाइट’ नाही, त्यातला दुसरा भाग आवडतो. मग ते हसूही मावळतं. कारण ही पाच सिनेमांची मालिका ज्यांनी प्रेमाने पाहिली आहे, त्यांच्यातही पुष्कळांचं मत असं, की ‘न्यू मून’ म्हणजे नायक गायब, नायिका सुतकात आणि दोन तास निव्वळ कंटाळा. तर एकदाचं सविस्तर सांगून टाकते.

ज्यांनी पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन राज्यात, फोर्क्स नावाचं तीन-साडेतीन हजार वस्तीचं लाकूडतोडीवर जगलेलं गाव आहे. पाऊस असा, की कपडे वाळायची आशाच नको. लेखिका स्टेफनी मायरने गोष्टीसाठी हे गाव निवडलं ते पावसासाठीच; तिच्या व्हॅम्पायरना ऊन चालत नाही. म्हणजे उन्हात ते जळून खाक होत नाहीत, चमकतात. नारायण धारप वाचून मोठ्या झालेल्या माणसाला हे पचायला जड आहे, मलाही गेलं. या गावात बेला नावाची मुलगी आणि शंभरी ओलांडलेला, पण सतराव्या वर्षीच थांबलेला व्हॅम्पायर एडवर्ड यांचं जमतं. हा पहिला भाग, २००८ सालचा. दुसऱ्यात बेलाच्या अठराव्या वाढदिवसाला भेटवस्तू उघडताना कागदाने तिचं बोट कापतं, रक्ताचा एक थेंब खाली पडतो आणि एडवर्डचा भाऊच तिच्यावर झेप घेतो. माझ्या घरात तुझ्या जिवाला धोका आहे, असं ठरवून एडवर्ड तिला रानात नेतो, ‘माझं तुझ्यावर प्रेम नाही’ असं धडधडीत खोटं सांगतो आणि निघून जातो.

पुढचा सिनेमा त्याच्या जाण्याचा आहे. मला जे आवडतं ते इथे आहे.

बेला खिडकीशी खुर्चीत बसलेली आहे. कॅमेरा तिच्याभोवती सावकाश फिरतो. पडद्यावर अक्षरं येतात: ऑक्टोबर. कॅमेरा पाठीमागून फिरून परत तिच्या तोंडासमोर येतो: नोव्हेंबर. परत एक फेरी, डिसेंबर, बाहेर बर्फ. ती हललेली नाही. लिक्की ली या स्वीडिश गायिकेचं गाणं मागे चालू आहे. कादंबरीत या जागी महिन्यांची नावं छापलेली जवळजवळ कोरी पानं आहेत. बाकी मजकूर नाही. कोरं पान पडद्यावर कसं दाखवणार, हा दिग्दर्शकापुढचा खरा पेच होता, आणि ख्रिस वाइट्झने तो एका शॉटमध्ये सोडवला. भारी तंत्र वगैरे काही नाही. पण सोडून गेलेल्या माणसामागे महिने कसे जातात ते मी फार कमी सिनेमांत इतकं नेमकं पाहिलंय. महिने जातात, म्हणजे तुमच्याकडून काहीही न होता जातात.

त्यानंतर ती एडवर्डच्या बहिणीला, ॲलिसला, ईमेल लिहीत राहते. पत्ता बंद झालेला, प्रत्येक मेल परत येतो. तरी ती लिहिते. रात्री झोपेत किंचाळते आणि बाप उठून धावत येतो.

या बापाबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. चार्ली स्वॉन, गावचा पोलीस प्रमुख. भूमिका बिली बर्कने केली आहे. मिशीवाला, अबोल, मुलीशी काय बोलावं ते न कळणारा. काही महिने बघून शेवटी म्हणतो, तू आईकडे जॅक्सनव्हिलला जा. त्याच्या आवाजात राग नाही, हात टेकलेत. आपल्याकडे असे बाप घरोघरी आहेत. मुलीचं काहीतरी बिनसलंय हे त्यांना सगळ्यांत आधी कळतं आणि सगळ्यांत शेवटी त्यांना ते बोलता येतं. बेला घाबरून कबूल करते, की मी मैत्रिणीबरोबर बाहेर जाईन. म्हणजे बरी होते असं नाही, बापाला बरं वाटावं म्हणून बाहेर पडते. लेखिका मेलिसा रोझेनबर्गच्या पटकथेला समीक्षकांनी खूप झोडपलं, त्यातलं बरंच रास्त होतं, पण हे तिने अगदी बरोबर पकडलंय.

आणि मग ती मैत्रीण, जेसिका. अॅना केंड्रिकने केलीय, आणि त्याच मोसमात तिला ‘अप इन द एअर’साठी ऑस्करचं नामांकन होतं. दोघी झोंबींचा सिनेमा बघून बाहेर पडतात आणि जेसिकाचं तोंड चालू: कसले ते झोंबी, कुणी कुणाचा मुका घेत नाही, आणि म्हणे हे सगळं चंगळवादाचं रूपक आहे, काय एकेकाचा शहाणपणा! समीक्षक या सिनेमाबद्दल जे म्हणणार होते, ते उलटं करून तिने आधीच म्हणून ठेवलंय. थिएटरात या जागी माझ्या शेजारच्या मुली खिदळत होत्या. त्यांना विनोद कळत नाही, त्या भोळसट आहेत, असं लिहिणाऱ्यांनी बहुधा प्रेक्षकांकडे कधी वळून पाहिलंच नाही.

आता लोकांनी त्याचं काय केलं ते. २० नोव्हेंबर २००९ ला तो अमेरिकेत लागला. पहिल्याच दिवशी ७.२७ कोटी डॉलर; आदल्या वर्षीच्या ‘द डार्क नाइट’चा एका दिवसाच्या कमाईचा विक्रम मोडला. बॅटमॅनचा विक्रम शाळकरी मुलींनी मोडला, हे पुष्कळांच्या जिव्हारी लागलं. पहिल्या तीन दिवसांत १४ कोटींच्या वर. पुढच्या शनिवार-रविवारी मात्र कमाई सत्तर टक्क्यांनी घसरली, कारण ज्यांना बघायचा होता त्यांनी मध्यरात्रीच्या खेळापासून रांगा लावून बघून टाकला होता. बनवायला खर्च सुमारे ५ कोटी, जगभरची कमाई ७० कोटींच्या पुढे. दुसरीकडे समीक्षकांचा कौल: परीक्षणं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावर अनुकूल परीक्षणं तीस टक्क्यांच्याही आत. नामवंत अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्टने पहिल्या भागाला अडीच तारे दिले होते, याला एक दिला. कण्हण्याच्या इराद्याने घुटमळल्याबद्दल या पात्रांना अटक करावी, अशा अर्थाचं त्याने लिहिलं. वाक्य झकास आहे. पण ईबर्टने ज्याची चेष्टा केली तेच पाहायला मुली आल्या होत्या. उपासाच्या ताटात मटण शोधायचं आणि मिळालं नाही म्हणून स्वयंपाक वाईट म्हणायचं, तसं हे झालं. व्हॅम्पायर म्हटलं की दात, रक्त, भीती. इथे दातच नाहीत, विरह आहे. आणि विरह म्हणजे घुटमळणं आणि कण्हणंच असतं हो. ज्ञानेश्वरांच्या विराण्यांतही दुसरं काय आहे? चांदणं नको, चंदन नको, तो नाही तर काहीच नको. तिथे आपण माना डोलावतो. आता कुठे माउली आणि कुठे मायर, हे मलाही कळतं. पण अठरा वर्षांच्या पोरीने तीच अवस्था सांगितली की ‘काही घडतच नाही’ म्हणायचं, हे मला पटत नाही.

त्याच वर्षी ‘ट्रान्सफॉर्मर्स’चा दुसरा भागही आला होता. समीक्षकांनी त्यालाही धुतलं आणि त्यानेही रग्गड पैसा केला. पण तो आवडणाऱ्या पोरांना कुणी अडवून ‘का रे बाबा?’ असं विचारलेलं मला आठवत नाही. २००९ च्या सान डिएगो कॉमिक-कॉनमध्ये, म्हणजे कॉमिक्स-सिनेमांच्या चाहत्यांच्या मेळाव्यात, तर काही जण ‘ट्वायलाइटने कॉमिक-कॉनची वाट लावली’ असे फलक घेऊन उभे होते. मुलींचा गुन्हा एवढाच, की त्या आदल्या रात्रीपासून रांगेत येऊन बसल्या होत्या.

याचा अर्थ सिनेमा निर्दोष आहे असा मुळीच नाही. बेला संकटात उडी घेते तेव्हा तिला एडवर्ड दिसतो. कादंबरीत फक्त त्याचा आवाज ऐकू येतो, आणि ते जास्त चांगलं होतं. पडद्यावर धुरासारखा रॉबर्ट पॅटिन्सन हवेत तरंगतो आणि ‘जपून’ म्हणतो. सगळ्यांत लोकप्रिय चेहरा दीड तास पडद्याआड ठेवायची छाती निर्मात्यांना झाली नसावी. गोष्टीत काही माणसांचे लांडगे होतात, त्या लांडग्यांचं ॲनिमेशन फिल टिपेटच्या स्टुडिओने केलं, तेव्हा बरं वाटलं होतं, आज उघडं पडतं. आणि ‘तुझ्या भल्यासाठी’ म्हणून परस्पर निर्णय घेऊन चालता होणारा प्रियकर, हा आदर्श म्हणून पुढे ठेवला जातो, त्याचं काय? माझी भाची तेव्हा नववीत होती. ती थिएटरातून बाहेर पडल्या पडल्या म्हणाली, “मावशी, पण त्याने तिला विचारायला नको होतं का?” नववीतल्या मुलीला जे दिसलं ते बेलाला शेवटच्या दृश्यापर्यंत दिसत नाही.

मग येतो जेकब, बेलाचा मित्र आणि त्या लांडग्यांतला एक. नट टेलर लॉटनर. दुसऱ्या भागात जेकब आडदांड होतो म्हणून त्याच्या जागी दुसरा नट घ्यायचा विचार चालला होता. या पोराने व्यायाम करून वजन वाढवलं आणि भूमिका टिकवली. मोटरसायकलवरून पडून बेलाच्या कपाळाला खोक पडते, तो अंगातला टीशर्ट काढून रक्त टिपतो, आणि थिएटरमध्ये अशी किंकाळी उठते की पुढचे दोन संवाद ऐकूच येत नाहीत. ते संवाद मात्र गोड आहेत: ती म्हणते, तू दिसायला तसा सुंदरच आहेस, तो विचारतो, डोक्याला किती जोरात लागलंय? पण चित्रीकरणाच्या वेळी लॉटनर सतरा वर्षांचा होता, आणि किंचाळणाऱ्यांत त्याच्या आईच्या वयाच्या बायकाही होत्या. हेच उलट झालं असतं, म्हणजे सतरा वर्षांची नटी आणि चाळिशीतले पुरुष, तर आपण काय म्हटलं असतं, हा प्रश्न मला तेव्हाही टोचला होता.

याहून मोठी गोष्ट जेकबच्या लोकांची. क्विलियूट ही तिथली खरी आदिवासी जमात आहे, ला पुश हे त्यांचं समुद्रकाठचं खरं गाव. आपण लांडग्यांपासून झालो अशी त्यांची मूळकथाही आहे. पण व्हॅम्पायरांशी वैर, रागावलं की माणसाचा लांडगा, हे सगळं मायरचं. सिएटलच्या बर्क संग्रहालयाने जमातीबरोबर काम करून खरं काय आणि सिनेमातलं काय, हे लोकांसमोर ठेवलं. जमातीच्या नावावर टोप्या, दागिने, सहली विकल्या गेल्या, तेव्हा ते मात्र त्सुनामीच्या टप्प्यातल्या सखल जमिनीवर राहत होते. ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यानातली उंचावरची जमीन त्यांना देणारा कायदा २०१२ मध्ये झाला. फोर्क्सला पर्यटकांमुळे बरकत आली, तिथे अजून सप्टेंबरात बेलाच्या वाढदिवसाच्या सुमाराला उत्सव भरतो.

पहिल्या भागाची दिग्दर्शिका कॅथरीन हार्डविक. तिच्या सिनेमाला निळसर, ओलसर रंग होता. वाइट्झने सगळं सोनेरी, उबदार केलं. चाहते अजून या निळ्या-सोनेरीवरून भांडतात. मला निळाच जास्त आवडतो. हार्डविकच्या सिनेमाने बाईने दिग्दर्शित केलेल्या चित्रपटाच्या पहिल्या आठवडाअखेरच्या कमाईचा तेव्हाचा विक्रम केला, आणि तरी पुढचे चारही भाग पुरुषांनी केले. स्टुडिओला बरोबर एका वर्षात दुसरा भाग हवा होता आणि वेळेचं जमत नाही, असं कारण दिलं गेलं. मुलींच्या पैशावर उभ्या राहिलेल्या मालिकेत मागे पुन्हा बाई नाही, हे समीक्षकांच्या टिंगलीपेक्षा मला जास्त लागतं.

आणि बेला झालेली क्रिस्टन स्टुअर्ट. तिच्या ओठ चावण्याची, अडखळण्याची तेव्हा केवढी थट्टा झाली. पुढे तिने फ्रान्सचा सेझार पुरस्कार मिळवला, तो मिळवणारी ती पहिली अमेरिकन अभिनेत्री. ‘स्पेन्सर’साठी ऑस्करचं नामांकनही मिळालं. त्यानंतर लोक म्हणू लागले, अरे ही तर अभिनेत्री निघाली. ‘न्यू मून’मध्ये रात्री ती छाती दाबून धरते, पोटाशी पाय घेते, तो भाग बघा. तेव्हाही होतीच की.

तर बघायचा असेल तर आधी पहिला भाग बघा, नाहीतर ती एवढी का रडतेय ते कळणार नाही. दिवसा नको, पावसाळ्यात रात्री. बेला विमानात बसून इटलीला निघाली, की पुढचं तिथल्या व्हॅम्पायर राज्यकर्त्यांचं, लाल झग्यांचं आणि सिंहासनांचं प्रकरण आहे. मायकल शीन त्यात धमाल करतो आणि जिथे चित्रीकरण झालं तो माँतेपुल्चानो गावचा चौक सुंदर आहे, पण तेवढ्यात चहा टाकायला उठलात तरी फार काही चुकणार नाही.