स्विफ्टचं ऑडिओ: डाव्या हाताचा शोध पुरा झाला

स्विफ्टचं काम झालं. जानेवारीत पहिलं डोअर पॅड (दाराचं आतलं आवरण) उतरवलं होतं, काल डीएसपीचं (प्रत्येक स्पीकरचा आवाज जुळवणाऱ्या चिपचं) शेवटचं सेटिंग सेव्ह केलं. मधले बहुतेक रविवार भांडुपच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गेले.

हेतू आधी सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यातूनच झाले. बाबा लालबागच्या एका भजनी मंडळात चाळीस वर्षं पखवाज वाजवायचे. आता बोटं आखडतात, वाजवणं थांबलंय. त्यांना घेऊन कुठे निघालो की रस्ताभर अभंग लागतात. कंपनीच्या स्पीकरवर गवई ऐकू यायचा, टाळ किणकिणायचे, पण पखवाज म्हणजे नुसती टकटक. कणीक लावलेल्या डाव्या पुडीचा घुमारा गायब. एकदा फ्रीवेवर बाबा म्हणाले, "याचा डावा हात कुठे गेला रे?" त्या रात्री मी वही घेऊन बसलो.

ठरलं ते असं: पुढच्या दारांत मधल्या-खालच्या सुरांसाठी साडेसहा इंची मिडबास, डॅशच्या दोन कोपऱ्यांत बारीक सुरांसाठी एक इंची ट्वीटर, डिकीत सर्वात खालच्या सुरांसाठी एकच दहा इंची सबवूफर. चालवायला डीएसपी आतच असलेला क्लास-डी अ‍ॅम्प, चार चॅनेलना ७५-७५ वॅट आणि सबला ३००. हेडयुनिट, म्हणजे डॅशमधला प्लेअर, कंपनीचंच ठेवलं, त्याच्या स्पीकरच्या तारांवरूनच सिग्नल घेतला, तोही मध्ये प्लगसारखा कपलर लावून. मूळ वायरिंगची एकही तार कापली नाही. मागच्या दारांतले स्पीकर बंद केले. बैठकीत गवई आपल्या समोर असतो. मागचे स्पीकर चालू ठेवले की तो मानेमागे येऊन बसतो.

वायरिंगचं गणित सोपं आहे, पण ते टाळू नका. एकूण ६०० वॅट, अ‍ॅम्पची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर बॅटरीकडून ७५० वॅट हवेत. १३.८ व्होल्टला ते झाले साधारण ५४ अँपियर. म्हणून ४ गेजची वायर आणि ६० अँपियरचा फ्यूज, तोही बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत. हा फ्यूज अ‍ॅम्पसाठी नसतो, वायरसाठी असतो. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या) पत्र्यावर वायर घासून शॉर्ट झाली तर बॅटरी ते फ्यूज या तुकड्याला कुणी वाचवणारं नसतं. तो तुकडा जितका आखूड तितकं बरं, आणि पत्र्यातून जाताना रबरी ग्रोमेट हवाच.

पहिली वायर फसवी निघाली. "प्युअर कॉपर" सांगून विकलेली. टोकाला लग (जोडणीची कडी) दाबून बसवायच्या आधी सहज एक तार ब्लेडने खरवडली तर आतून पांढरी चकाकी. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा! अशा वायरचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या साधारण दीडपट असतो, आणि आपल्या खाऱ्या दमट हवेत तिची टोकं लवकर खराब होतात. दुकानदाराने परत घेतली नाही. दुसरी वायर लॅमिंग्टन रोडवरून आणली, दुकानातच खरवडून बघून. तुम्हीही ब्लेड खिशात ठेवा, विचारायला लाजू नका.

आता दारं. माझा सर्वात जास्त वेळ इथे गेला आणि सर्वात जास्त फरकही इथेच पडला. अ‍ॅम्प बदलून जे मिळालं नसतं ते दार बंद केल्याने मिळालं. स्पीकरचा पडदा पुढे आवाज ढकलतो तसा मागेही ढकलतो. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठमोठी भोकं असतात, त्यांतून मागचा आवाज पुढे येतो आणि खालच्या सुरांना पुढच्या आवाजाशी काटाकाटी होऊन दोन्ही संपतात. डावा हात तिथेच मरत होता.

बाहेरच्या पत्र्यावर आतून ब्यूटाइल रबराच्या शीट लावल्या. डांबराच्या शीट स्वस्त पडतात, पण मे महिन्यातल्या उन्हात उभ्या गाडीचं दार तव्यासारखं तापतं आणि डांबर मऊ पडून घसरतं. पत्रा आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा, मग शीट रोलरने दाबायची, फॉइलवरची नक्षी सपाट होईपर्यंत. पत्रा पूर्ण झाकायची गरज नसते. ठोकून बघा: टणटण जाऊन ठप्प आवाज आला की पुरे.

मुंबईकरांनी एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवावी. दार कोरडं नसतं. काचेच्या रबरातून पावसाचं पाणी आत उतरतं, बाहेरच्या पत्र्यावरून ओघळतं आणि तळाच्या भोकांतून निघून जातं. ती भोकं बुजवलीत तर दारात तळं साचेल. मी तळापासून दोन इंच पत्रा मोकळा सोडला, आतली मोठी भोकं अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांनी बंद केली आणि कंपनीचा प्लास्टिकचा कागद जसाच्या तसा परत चिकटवला. स्पीकरखालच्या रिंगसुद्धा एचडीपीई प्लास्टिकच्या घेतल्या. एमडीएफची (दाबलेल्या लाकडी तंतूंची) रिंग एका पावसाळ्यात पोळीसारखी फुगते, आधीच्या गाडीत बघून झालंय.

सबचा बॉक्स शेजारच्या सुताराकडून, १८ मिलिमीटर मरीन प्लायचा. आतली मापं ४० × ३० × १८ सेंटीमीटर, म्हणजे २१.६ लिटर, स्पीकरची स्वतःची जागा वजा करून वीसेक उरतात. पोर्ट (हवेसाठीचं भोक) न ठेवता बंद बॉक्स केला. पोर्टमुळे आवाज मोठा मिळतो खरा, पण पखवाजाची थाप जिथे थांबते तिथे थांबायला हवी, मागे शेपूट नको.

पहिल्यांदा चालू केलं तर इंजिनाबरोबर चढणारी बारीक शिट्टी. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा आवाज. अ‍ॅम्पची अर्थिंगची तार मी रंग लावलेल्या पत्र्यावरच कसली होती. रंग घासून चकचकीत पत्रा काढला, बोल्ट कसला, वरून गंज लागू नये म्हणून ग्रीस. शिट्टी गेली.

गेन, म्हणजे अ‍ॅम्पने सिग्नल किती वाढवायचा ते, मल्टिमीटरने लावला. ७५ वॅट आणि ४ ओहम, म्हणजे १७.३ व्होल्ट, स्पीकर काढून १ किलोहर्ट्झचा टोन वाजवायचा आणि तिथे पोचलं की थांबायचं. क्रॉसओव्हर, म्हणजे कुठला सूर कुठल्या स्पीकरने वाजवायचा त्याच्या सीमा, ८० हर्ट्झ आणि ३ किलोहर्ट्झला, दर सप्तकाला २४ डीबी उताराचे.

मग टायमिंग. शिंप्याच्या टेपने ड्रायव्हरच्या कानापासून अंतरं घेतली: उजवा मिडबास ९५ सेंटीमीटर, डावा १४०. फरक ४५ सेंटीमीटर. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४.५ सेंटीमीटर जातो, तेव्हा डावा १.३ मिलिसेकंद उशिरा पोचतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ४५ सेंटीमीटर ही ३८३ हर्ट्झच्या लहरीची बरोबर निम्मी लांबी, म्हणजे त्या सुराला डावा-उजवा एकमेकांना खाऊन टाकतात. गवयाच्या गळ्याचा ऐन मध्य! हेडरेस्टला मायक्रोफोन बांधून रूम ईक्यू विझार्ड या सॉफ्टवेअरवर मोजलं तर तिथे खरंच खड्डा होता. इक्वलायझरने असा खड्डा भरत नाही, कितीही वर ढकला. उजव्या बाजूला डिले, म्हणजे तेवढा उशीर, दिला आणि तो आपोआप भरला. गवई स्टिअरिंगच्या समोर येऊन उभा राहिला.

बाबांना खाली बोलावलं. ते डावीकडे बसले, डोळे मिटले, अर्धा अभंग ऐकला आणि म्हणाले, "चांगलंय. पण हा खिडकीबाहेर उभा राहून का गातोय?"

मी सगळं माझ्या कानासाठी जुळवलं होतं. डाव्या सीटला डावा स्पीकर आधीच जवळ, त्यात मी उजव्याला आणखी उशीर लावलेला. सिस्टीम ज्यांच्यासाठी बांधली त्यांच्या सीटवर ती सर्वात वाईट वाजत होती. पुढचे दोन रविवार टेप आणि मायक्रोफोन डाव्या हेडरेस्टला. आता डीएसपीत दोन मेमरी आहेत, एकीचं नाव "मी", दुसरीचं "बाबा", आणि बदलायचं बटण गियरजवळ. बाबांच्या मेमरीत मला गवई उजव्या आरशात ऐकू येतो. चालतं.

काल पुन्हा लावलं. तिसऱ्या ओळीला बाबांचा डावा तळवा गुडघ्यावर पडायला लागला, उजवा नाही, नुसता डावा. कडवं संपल्यावर म्हणाले, "कणीक जरा जास्त लागलीये." मी सब ३ डीबी खाली घेतला. मग मान हलवली त्यांनी.

आषाढीला वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात जायचंय, दोघं. त्याआधी डिकीवरची नंबर प्लेट ६० हर्ट्झच्या आसपास खुळखुळते, तिच्यामागे फोमची पट्टी लावायची राहिलीये. आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर दोन्ही डोअर पॅड पुन्हा उतरवून आत टॉर्च मारून बघणार.