सॅच्युरेशनचा एक आकडा नको, पूर्ण ड्यूटीचा आलेख हवा

नवी मुंबईतल्या एका हॉस्पिटलच्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, मी स्टाफ नर्स आहे. नेरूळ-वाशीपासून दिघा, तुर्भे, उरणपर्यंतची बाळं आमच्याकडे येतात आणि त्यातली बरीचशी सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेली असतात. त्यांना ऑक्सिजन किती द्यायचा, हा आमच्या कामातला सगळ्यात नाजूक भाग. तो ठरवताना आम्ही सॅच्युरेशनचा, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन किती टक्के ऑक्सिजनने भरलंय याचा, आलेख बघायला लागलो. ते कसं जमलं, हे दुसऱ्या सिस्टरांसाठी आणि अशा बाळांच्या आईवडिलांसाठी लिहिते आहे.

ऑक्सिजन कमी पडला तर मेंदूला, आतड्यांना, थेट जिवाला धोका. जास्त झाला तर डोळ्याच्या पडद्यातल्या अर्धवट वाढलेल्या रक्तवाहिन्या बिघडतात; यालाच आरओपी म्हणतात. 1940 च्या दशकात इनक्युबेटरमध्ये ऑक्सिजन सढळ हाताने दिला जायचा आणि त्यातून जगभर हजारो मुलांची दृष्टी गेली. 1951 मध्ये मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी त्याचा ऑक्सिजनशी संबंध दाखवला. मग सगळ्यांनी हात आखडता घेतला, तर बाळं दगावू लागली. 2010 मध्ये 24 ते 27 आठवड्यांत जन्मलेल्या बाळांवरचा सपोर्ट नावाचा मोठा अभ्यास आला. सॅच्युरेशन 85 ते 89 ठेवलेल्या गटात वाचलेल्या बाळांपैकी 8.6 टक्क्यांना गंभीर आरओपी झाला, 91 ते 95 च्या गटात 17.9 टक्क्यांना. पण मृत्यूचं प्रमाण खालच्या गटात 19.9 टक्के होतं, वरच्या गटात 16.2. डोळे वाचवायला जाऊन जीव गमवायचा नाही, म्हणून ऑक्सिजनवरच्या लहानग्यांसाठी आम्ही 90 ते 95 ही मर्यादा पाळतो.

मर्यादा सगळ्यांना पाठ होती. पण बाळ त्या मर्यादेत खरंच किती वेळ असतं, हे कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही दर तासाला आकडा लिहायचो. राऊंडच्या वेळी मॉनिटरवर 94 दिसायचं आणि डॉक्टर पुढच्या बेडकडे वळायचे. मधल्या वेळात मात्र बाळ श्वास विसरायचं, आकडा 78 वर यायचा, अलार्म वाजायचा. सिस्टर बाळाला हलवून जागं करायची, ऑक्सिजन वाढवायची. तेवढ्यात शेजारच्या बेडचा अलार्म. वाढवलेला ऑक्सिजन खाली आणायचा राहून जायचा आणि बाळ 99-100 वर पडून राहायचं. गुलाबी, शांत. ऑक्सिजनवर असताना हाच आकडा फसवतो. 95 च्या पुढे सॅच्युरेशन जेमतेम हलतं, पण रक्तातला ऑक्सिजनचा दाब कितीतरी पट वाढलेला असू शकतो.

आमच्या नव्या मॉनिटरांत आलेखाची सोय आधीपासून होती. एका रात्री रेसिडेंट डॉक्टरांनी मेनूत शिरून तो उघडला. मागच्या आठ तासांत बाळ कोणत्या सॅच्युरेशनला किती टक्के वेळ होतं, हे उभ्या पट्ट्यांत दिसत होतं; डावीकडे कमी आकडे, उजवीकडे जास्त. शेजारच्या दोन बाळांचे आलेख आम्ही पाहिले. सरासरी दोघांचीही 93 च्या आसपास. पहिल्याच्या पट्ट्या 91 ते 95 मध्ये दाटीने उभ्या होत्या. दुसऱ्याचा एक ढीग 85 च्या खाली, दुसरा 98 च्या वर, आणि मध्ये जवळजवळ काहीच नाही. त्या दुसऱ्या बाळाचा ऑक्सिजन वाढवायचा की कमी करायचा? दोन्ही चुकीचं ठरलं असतं. खरी अडचण वेगळीच होती: सीपॅपचे, म्हणजे दाबाने हवा देणाऱ्या यंत्राचे, प्रॉन्ग्ज (नाकातल्या छोट्या नळ्या) नाकातून सरकत होते. आम्ही त्या नळ्या धरून ठेवणारी टोपी बदलली, प्रॉन्ग्जचं माप बदललं, डॉक्टरांनी बाळाने श्वास विसरू नये म्हणून दिलेल्या कॅफीनचा डोस तपासला, आणि पुढच्या ड्यूटीत दोन्ही ढीग मधोमध सरकले.

हे हँडओव्हरमध्ये आणायला वेळ लागला. आमच्या इनचार्ज सिस्टर म्हणाल्या, “बाळाकडे बघायचं की आलेखाकडे?” प्रश्न योग्यच होता. मी म्हटलं, “सिस्टर, समोर असताना बाळाकडेच बघायचं. आपण दुसऱ्या बेडवर असतो तेव्हाचं आलेख सांगतो.” त्यांनीच मग पद्धत बसवली. प्रत्येक ड्यूटी संपताना तीन आकडे लिहायचे: 90 च्या खाली किती टक्के वेळ, 90 ते 95 मध्ये किती, 95 च्या वर किती. शेजारी त्या वेळात ऑक्सिजन किती टक्के चालू होता तेही. हा चौथा आकडा नसेल तर आलेख निरर्थक आहे. साध्या हवेवर, म्हणजे 21 टक्क्यांवर, बाळ 99 ला असेल तर आनंदच आहे. 35 टक्क्यांवर 99 असेल तर ऑक्सिजन कमी करायची वेळ झाली. जुन्या मॉनिटरांवर आलेख नाही, तिथे ट्रेंडच्या तक्त्यातले आकडे एक्सेलमध्ये भरतो. कंटाळवाणं काम आहे, पण करतो.

पाय गार पडला, त्यावरचा सॅच्युरेशन मोजणारा प्रोब सैल झाला, बाळ हातपाय झाडत असलं तर खोट्या पट्ट्या उगवतात, म्हणून प्रोब बदलल्याची वेळ लिहितो. कार्बन डायऑक्साइड आणि हिमोग्लोबिन आलेखात दिसत नाहीत, त्यासाठी रक्त तपासावंच लागतं.

दिघ्याच्या एका आईचं बाळ 29 आठवड्यांचं होतं. ऑक्सिजन 30 वरून 27 वर आणला तशी ती घाबरली. “सिस्टर, काढताय म्हणजे आशा सोडली का?” मी तिला मॉनिटरजवळ नेलं. “ताई, या उजवीकडच्या पट्ट्या बघा. त्याला जेवढा लागतो त्याहून जास्त मिळतोय. आपण फक्त जास्तीचा काढतोय.” मग कांगारू केअरला, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी धरून, बसली की ती स्वतःच विचारायची, आता पट्ट्या कुठे आहेत. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आईला आकड्यांची भीती वाटते, कारण ते सारखे बदलतात. आलेखाने तिला बाळाची अख्खी दुपार दाखवली. साध्या हवेवरही त्याच्या पट्ट्या 90 च्या खाली घसरेनात, तेव्हा डॉक्टरांनी ऑक्सिजन बंद केला.

आलेख चांगला असला म्हणून डोळ्यांची तपासणी टळत नाही. 2000 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या किंवा 34 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या प्रत्येक बाळाची पहिली तपासणी जन्मापासून 30 दिवसांच्या आत, फारच लहान असेल तर दोन-तीन आठवड्यांतच व्हायला हवी. डिस्चार्ज कार्डावर ती तारीख आम्ही मोठ्या अक्षरात लिहितो.

यंदाच्या खरेदीच्या यादीत आलेख दाखवणारे मॉनिटर मागितले आहेत, आणि त्यांच्याही वर ब्लेंडर. भिंतीतून येतो तो शुद्ध ऑक्सिजन. त्यात हवा मोजून मिसळायची सोय प्रत्येक बेडला नसेल, तर पट्ट्या उजवीकडे गेलेल्या दिसूनही सिस्टरच्या हातात करण्यासारखं काही उरत नाही.