तुम्ही विचारलंत म्हणून: स्कॅनर २२० म्हणतो, गेज १८, खरं कोणतं?

हा प्रश्न मला गॅरेजवर आणि फोनवर सारखा येतो. डिझेल गाडी, चढ, पाय पूर्ण दाबलेला. मोबाइलला जोडलेला स्कॅनर २२० दाखवतो, डॅशबोर्डवर बसवलेलं बूस्ट गेज (टर्बो इंजिनात हवा किती दाबाने कोंबतो ते दाखवणारं) १८ पीएसआय दाखवतं आणि मेकॅनिकने सांगितलेलं असतं की सव्वा बार आला पाहिजे. मग पुढचा प्रश्न ठरलेला: टर्बो गेला का?

टर्बो ठणठणीत आहे. तिन्ही आकडे एकाच दाबाचे आहेत.

स्कॅनर किलोपास्कलमध्ये मोजतो, आणि तेही संपूर्ण निर्वातापासून. म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब त्यात आधीच धरलेला असतो. गेज मात्र बाहेरच्या हवेलाच शून्य मानतं. म्हणून एकक बदलायच्या आधी वजाबाकी करायची. पुण्यात हवेचा दाब साधारण ९५ किलोपास्कल. २२० मधून ९५ गेले, उरले १२५. शंभर किलोपास्कलचा एक बार, म्हणजे १.२५ बार. एका बारचे साडेचौदा पीएसआय, म्हणजे १८ आणि वर किंचित. जुळलं.

वजाबाकी विसरून २२० चे सरळ पीएसआय केले तर ३२ येतात. ते पाहून माणूस धसकतो, बूस्ट जास्त झाला समजून वेस्टगेटचा, म्हणजे बूस्ट मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेचा, रॉड फिरवून घेतो. चांगली बसलेली सेटिंग अशी बिघडलेली पाहिली की मला खरंच वाईट वाटतं, कारण ती परत जागेवर आणायला वेळही लागतो आणि पैसाही.

वजा करायचा आकडा पाठ करू नका, गाडीलाच विचारा. इंजिन बंद, चावी ऑन, स्कॅनरवर मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब) बघा. मुंबईत १०१ च्या आसपास, पुण्यात ९५, महाबळेश्वरला ८६ च्या जवळपास. तोच तुमचा शून्य. पुण्यात उभ्या गाडीत तिथे १२० दिसले, तर टर्बोला हात लावू नका, आधी सेन्सर तपासा.

घाट चढल्यावर गेज वाढल्याची तक्रारही येते. ईसीयूने, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरने, २२० चंच लक्ष्य धरून ठेवलं, तर महाबळेश्वरला २२० वजा ८६ म्हणजे १३४, गेजवर साडेएकोणीसच्या जवळ. इंजिनातला दाब तेवढाच आहे. टर्बोचे कष्ट मात्र वाढलेत: पुण्यात तो हवा २.३ पट दाबत होता, इथे अडीच पटीहून जास्त. फार उंचावर बऱ्याच गाड्यांचा ईसीयू लक्ष्यच खाली आणतो, नाहीतर टर्बोचा वेग हाताबाहेर जाईल. ज्या जुन्या इंजिनांचं वेस्टगेट नुसत्या स्प्रिंगवर चालतं, तिथे उलटं: गेज जवळपास तेच राहतं आणि गाडीची ताकद कमी जाणवते.

बाकी एककांचं फार मनावर घेऊ नका. जुन्या जपानी गेजवरचा एक केजी (दर चौरस सेंटिमीटरला एक किलो) म्हणजे ०.९८ बार किंवा १४.२ पीएसआय, बारशी फरक दोन टक्क्यांचा, सुईच्या जाडीतच जातो. हेक्टोपास्कल आणि मिलीबार एकच, २२०० दिसले तर शेवटचं शून्य काढा की किलोपास्कल झाले.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. साध्या ओबीडी ॲपवर (गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटमधून डेटा वाचणाऱ्या) आकडा २५५ ला जाऊन चिकटतो आणि कितीही रेस दिली तरी वर सरकत नाही. ओबीडीच्या त्या ठरावीक रीडिंगला एकच बाइट दिलेला आहे, त्यात २५५ च्या पुढचा आकडा मावतच नाही. पुण्यात ती मर्यादा १.६ बार बूस्टला येते. तुमच्या इंजिनाचा बूस्ट त्याहून जास्त असेल, तर कंपनीचा स्वतःचा डेटा वाचणारा स्कॅनर लावा, नाहीतर बूस्टच्या नळीत टी-आकाराचा जोड टाकून साधं नळीचं गेज जोडा.