जपानमधून जुने शॉकअप मागवावेत का?

आमच्या २००६ च्या सुबारू लेगसीला यंदा वॉफ मिळालं नाही. वॉफ म्हणजे वॉरंट ऑफ फिटनेस, गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचा न्यूझीलंडमधला दाखला. आपल्याकडच्या पीयूसीसारखं दोन मिनिटांत आटपणारं काम नव्हे. इथे ऑकलंडमध्ये गाडी लिफ्टवर चढवतात, चाकं धरून हलवतात, चाकांना जोडणारे सांधे, म्हणजे बुश आणि बॉल जॉइंट, पहारीने ढकलून बघतात. आमच्या मागच्या डाव्या शॉकअपमधून तेल गळत होतं. थोडा ओलसरपणा चालवून घेतात, ओघळ दिसला की नापास. मेकॅनिकचं म्हणणं, एक गेला म्हणजे बाकीचेही त्याच वयाचे. चार नव्यांचं मजुरीसकट कोटेशन ऐकून बायको म्हणाली, “एवढ्यात एकाचं पुण्याचं तिकीट निघेल.”

मग सुरू झाला जपानचा विषय. न्यूझीलंडमध्ये तो निघतोच. १९९८ मध्ये सरकारने गाड्यांवरची आयात जकात काढली, त्याच वर्षी इथले गाड्या जोडणारे शेवटचे कारखाने बंद झाले. जपानमध्येही गाडी इथल्यासारखी डाव्या बाजूने चालते, आणि महागड्या ‘शाकेन’ तपासणीमुळे लोक गाड्या लवकर विकतात. रस्त्यावरच्या निम्म्या गाड्यांचं पहिलं आयुष्य नागोया किंवा ओसाकात गेलेलं असावं असं वाटतं. साहजिकच त्यांचे सुटे भागही याहू ऑक्शन्स या जपानी लिलावाच्या साइटवर ढिगाने मिळतात. लेगसीच्या जीटी स्पेक बी मॉडेलला कंपनीकडूनच बिलस्टाइन या जर्मन ब्रँडचे शॉकअप येत. तो पिवळा सेट स्प्रिंगसकट मला दिसला, बोली जेमतेम दीडशे न्यूझीलंड डॉलरवर. ऑफिसातला एक मित्र म्हणाला, “अरे, डोळे मिटून घे!”

डोळे उघडे ठेवूनच बघितलं. शॉकअप स्प्रिंगसकट असेल तर फोटोत काहीच कळत नाही. गॅसचा सुटा शॉकअप चांगला असेल तर दांडा दाबून सोडला की आपोआप वर येतो. इथे स्प्रिंगनेच तो ताणून धरलेला. रबरी बूट, म्हणजे दांड्यावरचं आवरण, वर सरकवून दांड्याच्या क्रोमवर खड्डे पडलेत का हे बघायचं असतं, पण बूट कोणी सरकवत नाही. विक्रेता कुठला हे मात्र लिस्टिंगवर दिसतं, आणि ते वाचायचंच. उत्तरेकडचं होक्काइदो किंवा आओमोरी असेल तर हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं, स्प्रिंगची खालची वाटी गंजलेली असू शकते. वर ‘नो क्लेम, नो रिटर्न’ ही ओळ जवळपास ठरलेली.

आता दीडशेचे किती होतात बघा. मधल्या एजंटचं कमिशन, जपानमधलं भाडं, मग समुद्रावरचं भाडं. गॅस भरलेला माल म्हणून विमानाने न्यायला कुरिअरवाले बरेचदा नाही म्हणतात. मालाची किंमत हजार डॉलरच्या वर गेली तर कस्टम्स १५ टक्के जीएसटी लावून वसूल करतं. आणि माल स्वच्छ हवा. स्प्रिंगच्या वेटोळ्यात वाळका चिखल, पान किंवा किडा सापडला तर धुण्याचा खर्च आपला. इथली कमाई दूध आणि किवीफळांवर, त्यामुळे यात चेष्टा नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत एका ढेकणासारख्या दिसणाऱ्या किड्यापायी, स्टिंक बगपायी, जपानहून गाड्या घेऊन आलेली जहाजं परत पाठवली होती. माझे शॉकअप ते काय!

तरीही आकडा नव्यापेक्षा कमीच येत होता, म्हणून मोह सुटेना. निकाल लावला मजुरीने. शॉकअप जुना असो की नवा, खोलायची, स्प्रिंग कॉम्प्रेसरमध्ये दाबून काढायची आणि परत बसवून अलाइनमेंट करायची मजुरी तेवढीच. जपानचा सेट सहा महिन्यांत गळला तर ती पुन्हा भरायची. आमचा मेकॅनिक फिजीतून आलेला, त्याच्या गोड हिंदीत बोलतो. तो म्हणाला, “भैया, लोहा पुराना ले लो, रबर और तेल पुराना मत लो.”

इथल्या भंगारवाल्याकडून जुना शॉकअप घेतला असता तर निदान १९९३ चा ग्राहक हमी कायदा पाठीशी असता. व्यापाऱ्याने विकलेल्या जुन्या मालालाही तो लागू आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर पार्ट घेतलेल्यांना हे ऐकून हसू येईल, पण इथे दुकानदार खरंच परत घेतात. ओसाकाच्या माणसाला हा कायदा कसा लावणार? हौशी पोरं उंची कमी-जास्त करता येणारे कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपचे जोड, मागवतात, त्यांना वर एलव्हीव्ही, म्हणजे गाडीत केलेल्या बदलाचं, सर्टिफिकेट लागतं, ते वेगळंच.

शेवटी केवायबी कंपनीचे चार नवे शॉकअप आणि वरचे रबरी माउंट इथूनच घेतले. तिकिटाचं यंदा जमणार नाही. जपानमधून काही घ्यायचंच तर स्पेक बीचा मागचा स्टॅबिलायझर बार, म्हणजे वळणावर गाडी कलू न देणारा दांडा, घेईन. नुसता पोलादी दांडा, गळायला त्यात काही नाही, बुश इथे नवे मिळतात. फक्त लांब असल्यामुळे भाडं वजनापेक्षा आकारावर लागेल. एक वॉच लिस्टवर टाकून ठेवलाय. विक्रेता दक्षिणेकडच्या फुकुओकाचा आहे, त्यामुळे मिठाचीही फारशी धास्ती नाही.