पेशीच्या अंगावरची कातर

मागच्या आठवड्यात लॅबमध्ये टी सेल, म्हणजे रोगप्रतिकाराच्या पांढऱ्या पेशी, फ्लो सायटोमीटरवर (पेशीवरची प्रोटीन मोजणारं यंत्र) लावल्या आणि त्यांच्यावरचं सीडी६२एल हे प्रोटीन जवळपास गायब. वाटलं ते दाखवणारी अँटीबॉडी खराब झाली, नवी वायल उघडली, तरी तेच. शेवटी आमची सीनियर ताई म्हणाली, अगं रक्त किती वेळ बाहेर होतं? पाऊस, कुर्ल्याला पाणी, गाड्या बंद, ट्यूब आली तेव्हा दुपार झालेली. म्हणजे बहुधा पेशींनीच ते प्रोटीन कापून टाकलेलं!

कापणारं एन्झाइम एडॅम-१७. पेशीच्या पडद्यातच रुतलेलं असतं, कामाला झिंकचा अणू लागतो, आणि शेजारच्या प्रोटीनचा बाहेरचा भाग छाटतं. १९९७ मध्ये त्याची ओळख पटली ती टीएनएफ या सूज आणणाऱ्या प्रोटीनला पडद्यावरून सुटं करणारं म्हणून. सीडी६२एल म्हणजे टी सेलचा लिम्फ नोडमध्ये (लसिका गाठीत) शिरायचा पास, पेशी कामाला लागली की तो फाडून टाकते.

पण माझा जीव अडकलाय तो लॅग-३ या टी सेलवरच्या दुसऱ्या प्रोटीनमध्ये. हेल्पर टी सेलला तिच्यावरच्या सीडी४ च्या मदतीने दुसऱ्या पेशीवरच्या ज्या एमएचसी क्लास २ या प्रोटीनवरून इशारा मिळतो, त्यालाच हा लॅग-३ जाऊन चिकटतो आणि पेशीला आवरतो. पेशी जागी झाली की हा ब्रेकपण वर येतो, आणि मग एडॅम-१० (एडॅम-१७ चं भावंड) आणि एडॅम-१७ तो छाटत राहतात, १० चं काम रोजचं, १७ ला मात्र टी सेल रिसेप्टरचा सिग्नल मिळाला की जोर चढतो. २००७ च्या एका पेपरमध्ये कापताच येणार नाही असा लॅग-३ बनवून पेशींत घातला, तर त्यांचं वाढणंच थांबलं, सायटोकाइनही (इतर पेशींना निरोप देणारी प्रोटीन) बनेनात. इतकी वर्षं मी कापणं म्हणजे नुकसान असंच धरून चालले होते, इथे तर कापल्याशिवाय पेशीला कामच करता येत नाही, हे वाचून मी खरंच बराच वेळ नुसती बसून राहिले.

लॅग-३ अडवणारं औषध रेलॅटलिमॅब २०२२ मध्ये अमेरिकेत मेलानोमासाठी (त्वचेचा एक कॅन्सर) निवोलुमॅब या दुसऱ्या औषधासोबत मंजूर झालं, म्हणजे हा ब्रेक माणसातही खराच आहे. पण मला वाटतं पेशीवर लॅग-३ किती दिसतो एवढंच बघून भागणार नाही, कमी दिसला तर तो बनलाच नाही की बनून कापला गेला, हे कसं कळणार?

उद्या नवीन सॅम्पल येतंय. या वेळी लगेच थंड करणार, आणि प्लाझ्मा (पेशी काढल्यावर उरलेला रक्ताचा पातळ भाग) फेकून देणार नाही, त्यात सुटलेला लॅग-३ किती आहे ते मोजायचंय.